नावं वाचायला इटलीला

इटलीला जायचं आणि व्हेनिस नाही, पिसाचा मनोरा नाही, असं आप्पांनी निघायच्या आधीच सांगून टाकलं होतं. "मनोरा पडायला आलाय तो पडंल तेव्हा बघू. आपण पलटणीकडं जाऊ." आप्पा माझे वडील, वय एकाहत्तर, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त. त्यांचे चुलत आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढून परत आले होते. आम्ही त्यांना थोरले तात्या म्हणायचो. मी त्यांना पाहिलेलं नाही. पाहिला तो फक्त 'इटली स्टार', इटलीत लढल्याचं त्यांचं पदक. पितळी सहा टोकांची ती चांदणी देव्हाऱ्यामागच्या डब्यात, पंचांगांच्या खाली असायची. लढाईबद्दल तात्या काही बोलले नाहीत. बोलले ते चिखल आणि थंडी या दोनच गोष्टींबद्दल, तेही कुणी विचारलं तर.

त्यामुळे ही सहल ठरली ती डब्यातल्या त्या चांदणीवरून. दिवस सहा, एप्रिलचा पहिला आठवडा, भाड्याची गाडी मी चालवणार आणि नकाशा आप्पा बघणार.

दिवस पहिला: रोम ते कासिनो

रोमच्या तेर्मिनी स्टेशनातून साध्या पॅसेंजर गाडीनं कासिनोला दोन तास लागतात. सपाट शेतं, मग दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ यायला लागतात आणि अचानक डावीकडे, एका उंच डोंगराच्या माथ्यावर, पांढरी भिंत दिसते. गडासारखी, पण गड नव्हे. तो मॉन्ते कासिनोचा मठ. आप्पांनी खिडकीतून तो पाहिला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "वरनं सगळं दिसत असणार." संध्याकाळपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत.

रोमकडे जाणारा हमरस्ता या डोंगराच्या पायथ्यावरून जातो. दोस्त राष्ट्रांच्या फौजांना रोम हवं होतं, जर्मनांनी इथं दक्षिण इटलीच्या आरपार संरक्षणाची फळी बांधली होती. 17 जानेवारी ते 18 मे 1944, चार महिन्यांत चार लढाया झाल्या. चौथ्या वेळी डोंगर दोस्तांच्या हाती आला.

युद्धस्मशान स्टेशनपासून चालण्याच्या अंतरावर आहे. इथं 4,271 जण पुरले आहेत, त्यातल्या 289 जणांची ओळखच पटलेली नाही. ही सगळी माहिती मी घरून पाठ करून आले होते आणि आत शिरल्यावर तिचा काही उपयोग झाला नाही. पांढऱ्या दगडांच्या रांगा, मध्ये कापलेलं गवत, प्रत्येक दगडापाशी एखादं फुलझाड, आणि मागे थेट तो डोंगर. ज्या डोंगरानं त्यांना मारलं, त्याच्याच पायथ्याशी, त्याच्याकडे बघत झोपलेले. जागा कुणी निवडली असेल कुणास ठाऊक, पण तिथे उभं राहिलं की लढाईचा नकाशा वेगळा काढून दाखवावा लागत नाही.

कॅनेडियन, ब्रिटिश, न्यूझीलंडर. मग एक रांग आली आणि आप्पा थांबले. दगडावर देवनागरी होतं. "ॐ भगवते नमः". त्याखाली रोमन अक्षरांत नाव, पलटण, तारीख. शेजारच्या दगडावर उर्दू वळणाची अक्षरं. हिंदू सैनिकाच्या दगडावर देवनागरी ओळ आणि मुसलमान सैनिकाच्या दगडावर अरबी, हे या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर कमिशननं ठरवून केलेलं आहे. रांग मात्र एकच.

स्मशानाच्या मधोमध तळं आहे आणि त्याच्याभोवती हिरवट संगमरवराच्या उंच पाट्या. हे कासिनो मेमोरियल. इटलीच्या मोहिमेत मेलेले, पण ज्यांची कबर किंवा राख कुठे आहे ते माहीत नाही, अशा चार हजारांहून जास्त जणांची नावं तिथे आहेत. नावं पलटणीनुसार, पलटणीत हुद्द्यानुसार. 'फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री' शोधायला मला दहा मिनिटं लागली, कारण मी 'मराठा' शोधत होते आणि इंग्रजांनी 'महरट्टा' लिहिलं होतं. आप्पांना दोन मिनिटं लागली. ते अक्षरं वाचत नव्हते, हुद्दे बघत होते. सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक.

नाईक या रांगेत ते नाव होतं. यशवंत घाडगे. पुढे दोन अक्षरं, व्ही आणि सी. व्हिक्टोरिया क्रॉस, इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावच्या आंब्रेची वाडीचा हा मुलगा, तिसऱ्या बटालियनचा. 10 जुलै 1944 ला वयाच्या बाविसाव्या वर्षी मेला. त्याच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्याच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. हा एकटा धावत गेला. आधी हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा उडवला. मग टॉमीगननं एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांनी त्याच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. ज्या ठाण्यावर एकट्यानं कब्जा केला त्याच ठाण्यात तो पडला. त्याची कबर नाही म्हणून नाव इथं, कासिनोच्या तळ्याकाठी. खरी लढाई इथून कितीतरी उत्तरेला.

आप्पांनी सलाम केला नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि नाव मोठ्यानं वाचलं: "नाईक यशवंत घाडगे." मग त्याखालचं, मग त्याखालचं. मला वाटलं तीन-चार वाचून थांबतील. थांबले नाहीत.

दिवस दुसरा: मठ, पोलिश स्मशान, गारी नदी

बसच्या वेळा सोयीच्या नव्हत्या म्हणून टॅक्सी केली. वळणावळणाचा रस्ता, प्रत्येक वळणावर खालचं खोरं थोडं अधिक उघडं होत जातं. आप्पांचं कालचं वाक्य बरोबर होतं. वरून सगळं दिसतं. रेल्वे, रस्ता, नदी, गावातला चौक, स्मशानातल्या पांढऱ्या रांगासुद्धा.

मठ संत बेनेडिक्टनं इसवी सन 529 च्या सुमारास स्थापन केला. 15 फेब्रुवारी 1944 ला दोस्तांच्या विमानांनी तो जमीनदोस्त केला. आत जर्मन सैनिक असतील या समजुतीनं हे केलं गेलं आणि तेव्हा आत होते साधू आणि आसऱ्याला आलेले गावकरी. त्या गावकऱ्यांतले पुष्कळ मेले. हल्ल्याचा आग्रह धरणाऱ्यांमध्ये आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख जनरल टुकर होते, कारण त्या डोंगरावर चढायचं होतं ते त्यांच्या जवानांना. मठ पडल्यावर जर्मनांना ढिगाऱ्यात उलट आयती तटबंदी मिळाली. मग आपली माणसं चढली. राजपुताना रायफल्स, गुरखे. मार्चमध्ये नवव्या गुरखा पलटणीचे जवान मठाच्या अगदी खालच्या सुळक्यावर, इंग्रजांनी 'हँगमन्स हिल' म्हटलेल्या जागी, आठवडाभराहून जास्त अडकून बसले. वर जर्मन, खाली जर्मन, रसद विमानातून टाकलेली, त्यातली निम्मीअर्धी घरंगळून दरीत. शेवटी रात्री त्यांना खाली बोलावून घेतलं. सुळका सोडावा लागला.

आजचा मठ नवा आहे. जसा होता तसाच, जिथे होता तिथेच बांधायचा, असं ठरवून बांधला आणि 1964 मध्ये पोपनी त्याचं पुन्हा पवित्रीकरण केलं. सुंदर आहे. मला तो जरा जास्तच स्वच्छ वाटला. आप्पा अंगणातल्या कबुतरांकडे बघत बसले होते. बाहेर आल्यावर मात्र ते कठड्यापाशी जाऊन उतार निरखू लागले. खडक, झुडपं, पुन्हा खडक. "इथं खणायला माती कुठंय गं?" खरंच नव्हती. खंदक खणता न आल्यानं जवान दगड रचून त्याच्याआड पडून राहायचे, आणि तोफगोळा पडला की तोच रचलेला दगड फुटून अंगात शिरायचा.

पलीकडच्या खोबणीत पोलिश स्मशान आहे. शेवटी 18 मे ला मठाच्या अवशेषांवर झेंडा लावला तो पोलिश सैनिकांनी. हजारावर पोलिश जवान इथं आहेत, त्यांचा सेनापती आंदेर्स 1970 मध्ये लंडनला वारला तरी त्यालाही इथंच, त्याच्या माणसांत आणून पुरलं. जिंकूनही यांच्यातले बरेचजण घरी परतू शकले नाहीत, कारण युद्ध संपता संपता पोलंड रशियाच्या ताब्यात गेलं होतं. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या माणसांना परत जायला गाव तरी होतं." मग थोड्या वेळानं: "पण देश कुणाचा होता?"

हा प्रश्न मला सहलभर पुरला. कारण 1944 मध्ये तात्या इथल्या चिखलात होते, तेव्हा आमच्या सातारा जिल्ह्यात पत्री सरकार चालू होतं. एकाच गावातली, एकाच तालमीतली पोरं, एक इंग्रजाचा खजिना लुटत होता आणि दुसरा इंग्रजाची बंदूक घेऊन जर्मनांवर धावत होता. पहिल्याला आम्ही शाळेत हार घातले. दुसऱ्याचं काय करायचं हे आम्हाला कधी समजलं नाही, म्हणून त्याची चांदणी पंचांगांखाली गेली. मला दोघांची तुलना करायची नाही. पण फौजेत भरती होणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोरानं साम्राज्याचा विचार केला असेल, असं मला वाटत नाही. महिन्याची मनीऑर्डर घरी पोचते की नाही, याचा केला असेल.

दुपारी टॅक्सीवाल्यानं आम्हाला खाली सांत'अंजेलो गावी, गारी नदीवर सोडलं. इथं आप्पांचा अंदाज चुकला. नदी पाहून ते जवळजवळ हसले. "ही? ही तर ओढा." मग काठावर उतरून पाण्यात काठी धरली आणि काठी हातातून ओढली गेली. रुंदी किरकोळ, पण पाणी फार ओढीचं आणि गार. 11 मेच्या रात्री आठव्या भारतीय डिव्हिजननं ही नदी ओलांडली. अंधार, धूर, होड्या वाहून जाताहेत, पलीकडच्या काठावर आधीच नेम धरून ठेवलेल्या मशीनगनी. सकाळपर्यंत सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांनी, पूल उभा केला तेव्हा रणगाडे पलीकडे जाऊ शकले. 12 मे ला इथंच आठव्या पंजाब पलटणीच्या कमल राम या एकोणीस वर्षांच्या शिपायानं एकट्यानं मशीनगनची ठाणी बंद पाडली. राजस्थानातल्या करौलीकडचा. तो जगला, आणि व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन घरी गेला.

इटलीत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले 6 भारतीय सैनिकांना. जवळपास पन्नास हजार भारतीय या मोहिमेत होते, 5,782 परत आले नाहीत. आकडे मी आप्पांना काठावर बसून वाचून दाखवले. ते म्हणाले, "पाच हजार सातशे ब्याऐंशी म्हणजे सहा-सात पलटणी. अख्ख्या." आकडा असा मला कधी दिसला नव्हता.

दिवस तिसरा: रस्त्यावर

रोमला परत, भाड्याची गाडी, आणि उजव्या बाजूनं चालवण्याची माझी पहिली दोन तासांची धांदल. पहिल्याच चौकात मी वायपर लावले, इंडिकेटर समजून. ओर्तेपर्यंत मोठा महामार्ग, तिथून टायबर नदीला धरून उत्तरेकडे जाणारा रस्ता. पेरुजा मागे टाकून संध्याकाळी उम्बेर्तीदे गावी मुक्काम. याच वाटेनं दहावी भारतीय डिव्हिजन रोम पडल्यावर जर्मनांच्या मागे मागे सरकत गेली. आप्पा दिवसभर नदी कुठल्या बाजूला आहे तेवढंच सांगत होते.

दिवस चौथा: उम्बेर्तीदे आणि मोंतोने

सकाळी गावात चक्कर मारली तेव्हा एक मोकळा चौक लागला. जुन्या गल्ल्यांमध्ये एवढी मोकळी जागा विचित्र वाटते. नाव 'पियात्सा 25 एप्रिल'. 25 एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन म्हणून सगळ्या देशात चौकांना हे नाव असतं, मी तसंच समजले. लॉजच्या मालकीणबाईंनी मोडक्या इंग्रजीत दुरुस्त केलं. 25 एप्रिल 1944 ला, मुक्तीच्या बरोबर एक वर्ष आधी, दोस्तांच्या विमानांनी टायबरवरचा पूल पाडायला बॉम्ब टाकले आणि ते पडले वस्तीवर. सत्तरएक माणसं गेली. चौक मोकळा आहे कारण तिथली घरं राहिली नाहीत. मग अडीच महिन्यांनी त्याच दोस्तांचे सैनिक, त्यांत आपले मराठे, गावात मुक्तिदाते म्हणून शिरले. बाईंच्या आजीनं तेव्हा पहिल्यांदा सावळी माणसं पाहिली. त्यांनी पाणी मागितलं, हे तिला शेवटपर्यंत आठवत होतं म्हणे. बॉम्बची तारीखही.

मोंतोने तिथून जवळ, टेकडीच्या टोकावर. तटाबाहेर गाडी लावायची आणि दगडी पायऱ्यांनी आत जायचं. आप्पा म्हणाले, "हे तर पन्हाळ्याचं धाकटं भावंड." एवढं छोटं गाव, त्याला वेस, बुरूज, अरुंद बोळ. आणि याच गावानं जुलै 2023 मध्ये यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं. पुतळा नव्हे, सूर्यघडी. तिचं ब्रीद लॅटिन आहे: 'ओम्नेस सुब एओदेम सोले'. सगळे एकाच सूर्याखाली.

सूर्यघडीची गंमत अशी की आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. सावलीच नाही. आप्पा म्हणाले, थांबू. मी म्हटलं, आप्पा, पुढं जायचंय. ते म्हणाले, "त्यो काय ऐंशी वर्सं थांबलाय. आपण अर्धा तास थांबू." भावुक झाले की त्यांची फौजेतली शुद्ध भाषा जाते आणि गावची येते. अर्धा तास नव्हे, सव्वा तास थांबलो. एक म्हातारे गृहस्थ कुत्रं घेऊन आले, आप्पांच्या टोपीवरचा पलटणीचा बिल्ला बघून हात जोडले, भारतीय पद्धतीनं, कुठून शिकले कोण जाणे. मग ढग सरले. सावली पडली. आप्पांनी ती नीट बघितली, घड्याळ बघितलं नाही, आणि चला म्हणाले.

तटावरून टायबरचं खोरं दिसतं. ऑलिव्ह, द्राक्षमळे, विटकरी छपरांची शेतघरं, आणि एकामागून एक टेकड्या. कुठल्या टेकडीवर घाडगे पडले ते मी शोधायचा प्रयत्न केला होता. त्यांच्या पदकाच्या मजकुरात गाव नाही, टेकडीचं नाव नाही. इटलीत, 10 जुलै 1944 रोजी, शत्रूनं मजबूत राखलेल्या एका ठाण्यावर, एवढंच. मी हे जरा तक्रारीच्या सुरात सांगितलं. आप्पा म्हणाले, फौजेत टेकडीला नाव नसतंच, आकडा असतो, आणि हल्ला झाल्यावर तो आकडाही कुणाला आठवत नाही. "शेतघर दिसतंय ते? भिंतीत एक भोक पाडलं की झालं ठाणं. समोर द्राक्षाच्या ओळी. ओळीतनं पळत यायचं म्हणजे सरळ रेषेत यायचं. गनवाल्याला अजून काय पायजे?" माझे त्या द्राक्षमळ्यांचे फोटो काढून झाले होते. नंतर ते फोटो कुणाला पाठवावेसे वाटले नाहीत.

आज घाडग्यांची ती बटालियन पॅराशूट रेजिमेंटची 2 पॅरा म्हणून ओळखली जाते. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानं मी तिथून अनेकदा गेले आहे, आणि खरं सांगायचं तर तिथे गाडी थांबवली ती फक्त वडापावसाठी. यशवंत घाडगे कोण, हे मला कळलं मोंतोनेमुळे.

दिवस पाचवा: फोर्ली

आपेनाइन डोंगर ओलांडून पलीकडे उतरलो. घाट मोठा, बोगदे खूप, रस्त्याची कामं त्याहून जास्त. या डोंगररांगेवर जर्मनांची 'गॉथिक लाइन' होती आणि 1944 चा हिवाळा तिच्याशी झुंजण्यात गेला. तात्यांचा चिखल आणि तात्यांची थंडी इथली. आम्हाला मात्र माथ्यावर लख्ख ऊन लागलं आणि आप्पांनी गाडीची काच खाली केली.

फोर्लीत भारतीय सैनिकांसाठी स्वतंत्र युद्धस्मशान आहे. 496 कबरी, आणि दहनस्मारकावर साडेसातशेहून जास्त नावं. कबरी मुख्यतः मुसलमान सैनिकांच्या, कारण हिंदू आणि शीख जवानांना शक्य तिथे अग्नी दिला गेला. ज्याला जाळलं त्याचा दगड नाही, फक्त नाव. त्यामुळे स्मशानात फिरताना वाटतं की मराठे इथे नव्हतेच, आणि मग स्मारकापाशी आलं की एकदम सगळे भेटतात.

इथे मला एक गोष्ट उमगली. नावं रोमन मोठ्या अक्षरांत आहेत, पलटणीच्या कारकुनानं कानाला जशी ऐकू आली तशी. इंग्रजाच्या डोळ्यांनी वाचलं तर 'मोरे' हा इंग्रजीतला 'मोर' होतो. मीही पहिल्यांदा तसाच वाचला, हे लिहायला लाज वाटते. 'कदम'चं 'काडाम', 'साळुंखे'चं काहीच्या बाही. ती अक्षरं बरोबर उच्चारायला मराठी तोंडच लागतं. दगड कमिशन धुतं, गवत माळी कापतो, फुलझाडं वेळच्या वेळी लावली जातात, सगळं चोख. पण 'साळुंखे' हे नाव साळुंखे म्हणून इथे कधी उच्चारलं जात असेल? वर्षातून किती वेळा?

आप्पांनी टोपी काढली होतीच. या वेळी मी विरोध केला नाही, उलट वाटणी केली. ते एक पाटी, मी एक पाटी. मराठा पलटणीची नावं संपली तेव्हा मी थांबले, तर ते पुढच्या पलटणीवर गेले. गढवाली, गुरखा, शीख. "यांची कोण वाचणार?" मग कबरींकडे गेले. तिथली नावं त्यांना नीट वाचता येत नव्हती, मी सांगत होते, ते म्हणत होते. उन्हं उतरेपर्यंत हे चाललं. आप्पांचा घसा बसला. संध्याकाळी जेवताना त्यांनी खुणेनंच सूप मागवलं.

दिवस सहावा: सेनिओ

सेनिओ ही सपाट प्रदेशातली नदी. दोन्ही काठांना मातीचे उंच बांध, दुमजली घराएवढे, पूर अडवायला शेकडो वर्षांत रचत आणलेले. मे 2023 च्या पुरात नदी तरीही बाहेर पडली आणि लुगो गावापर्यंत पाणी शिरलं. काही भिंतींवर त्याची रेघ अजून दिसते. 1944-45 च्या हिवाळ्यात एका बांधावर दोस्त आणि दुसऱ्यावर जर्मन, काही ठिकाणी एकाच बांधाच्या दोन उतारांवर दोघं, असे बसून होते. आल्फोन्सिने गावात या लढाईचं संग्रहालय आहे, तिथे ते नीट मांडलंय. ते गाव तेव्हा जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झालं होतं.

9 एप्रिल 1945 ला दुपारपासून बॉम्बवर्षाव आणि संध्याकाळी हल्ला. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, इथं नदीत उतरली. नामदेव जाधव हा संगमनेर तालुक्यातल्या निमजचा शिपाई, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या. नदी ओलांडताना त्याचा कंपनी कमांडर आणि आणखी दोघे जखमी झाले, बरोबरचे बाकीचे मेले. जाधवांनी एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोचवलं. मग परत आले आणि दुसऱ्यालाही तसंच नेलं. मग पुन्हा एकदा पलीकडे जाऊन मशीनगनची ठाणी एकेक करून बंद केली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपले तेव्हा बांधाच्या माथ्यावर सरपटत जाऊन मागच्यांकडून आणखी घेतले. शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि कंपन्यांना हातानं पलीकडे बोलावलं. ते वाचले. 1984 मध्ये वारले. त्याच दिवशी, याच नदीवर, दुसऱ्या पलटणीच्या अली हैदर या कोहाटच्या शिपायालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन वर्षांनी त्या दोघांचे देश वेगळे झाले.

आम्ही लुगोजवळ एका ठिकाणी गाडी लावून बांधावर चढलो. वर सायकलची पायवाट आहे, लोक कुत्री घेऊन फिरतात. खाली नदी, मातकट, शांत. आप्पांनी माझ्या हातात पिशवी दिली, बूट घट्ट केले आणि काठीही न घेता गवतातून खाली पाण्यापर्यंत उतरले. मी ओरडत राहिले. पाण्यात हात बुडवला, वळले आणि चढायला लागले. दोनदा घसरले. वर येऊन माझ्या शेजारी बसले तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हतं. घसा कालचाच बसलेला, वर दम.

एक सायकलवाली मुलगी थांबून "तुत्तो बेने?" असं विचारून गेली. आप्पांनी हात हलवला.

"एकदा," शेवटी ते म्हणाले. "रिकाम्या हातानं. आणि वरनं कोण मारत न्हाय."

मग पिशवीतला चिवडा काढून खाल्ला. गाडी परत देताना तिथल्या मुलानं पायपुसण्यांवरचा चिखल बघून धुण्याचे जादा पैसे लावले. मी वाद घालायला निघाले होते. आप्पांनी मला थांबवलं, वाकून बुटाच्या तळव्याचा उरलेला चिखल काडीनं काढला आणि तिकिटाच्या पाकिटात घातला. घरी आल्यावर तो डब्यात गेला, चांदणीशेजारी. पंचांगं आता दुसरीकडे ठेवली आहेत.